वेगाचे छायाचित्र : काय स्थिर ठेवावे, काय वाहू द्यावे



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी वैद्यकीय लेखांबरोबर सभासदांच्या छंदांविषयीही काही मजकूर असावा, असा संपादक मंडळाचा आग्रह असतो. आपल्यात गाणारे आहेत, बागकाम करणारे आहेत, गिर्यारोहण करणारेही आहेत. मी अस्थिरोगतज्ज्ञ. पन्नाशी उलटल्यानंतर मी मोटारींच्या व शर्यतींच्या छायाचित्रणाचा अभ्यास सुरू केला आणि अजूनही स्वतःस विद्यार्थीच समजतो. हे कळल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले, “ज्या वेगाने मोडलेली हाडे आपण आयुष्यभर जोडत आलात, त्याच वेगाची छायाचित्रे काढण्यात आपल्याला आनंद कसा वाटतो?” प्रश्न रास्त होता. प्रस्तुत लेखात या छायाचित्रणाची मूलतत्त्वे नवशिक्याला उपयोगी पडतील अशा रीतीने मांडण्याचा प्रयत्न आहे, आणि त्या ओघात सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तरही येईल.

निमित्त

दि. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या शहरात फॉर्म्युला ई या विद्युत मोटारींच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची शर्यत झाली. २०१३ साली ग्रेटर नोएडा येथे झालेल्या फॉर्म्युला वनच्या शेवटच्या भारतीय शर्यतीनंतर मोटारींची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत भारतात प्रथमच होत होती. हुसेनसागराच्या काठी लुंबिनी पार्क, एन.टी.आर. गार्डन आणि सचिवालय यांच्या परिसरातील नेहमीच्या रस्त्यांवर सुमारे २.८ किलोमीटर लांबीचा, अठरा वळणांचा मार्ग आखला होता. फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हेर्न विजयी झाला. न्यूझीलंडचा निक कॅसिडी त्याच्या मागे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी अंतराने दुसरा आला. ज्या रस्त्यावर एरवी आपण सिग्नलला ताटकळत उभे असतो, त्या रस्त्यावरून ३५० किलोवॅट शक्तीच्या मोटारी धावताना पाहणे हा विलक्षण अनुभव होता. पुढील वर्षीची शर्यत मात्र जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. शर्यतीचा सराव शर्यतीतच करू, असे म्हणून चालत नाही ते याचसाठी. शर्यत क्वचित येते. तयारी इतरत्र व्हावी लागते. ती कशी व कोठे करावी, हेच पुढे सांगतो.

वेग दिसतो म्हणजे काय?

नव्याने कॅमेरा हाती घेतलेल्या माणसाची स्वाभाविक समजूत अशी असते की, वस्तू जितकी वेगवान तितका शटरचा वेग अधिक ठेवावा. समजूत अर्धीच खरी आहे. ताशी १८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला ५० मीटर जाते. शटर १/४००० सेकंद उघडे राहिले, तर त्या अवधीत ती जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकते. चित्र लख्ख येते. पण चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर धरला, तर चाक तेवढ्या वेळात दोन-सव्वादोन अंशच फिरलेले असते. चाकांचे आरे मोजता येतात, मागच्या जाहिराती वाचता येतात, आणि गाडी रस्त्यात कोणी उभी करून ठेवल्यासारखी दिसते. सगळी माहिती चित्रात असते, फक्त वेग नसतो.

आता शटर १/६० सेकंद ठेवले आणि कॅमेरा गाडीबरोबर त्याच गतीने फिरविला, तर गाडी चौकटीत जागच्या जागी राहते, चाक जवळजवळ दीडशे अंश फिरते, आणि पार्श्वभूमीच्या आडव्या रेघा होतात. पाहणाऱ्याला वेग दिसतो तो या रेघांत. या पद्धतीला पॅनिंग म्हणतात.

आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना हे तत्त्व नवे नाही. सीटी स्कॅन येण्यापूर्वी आपण लिनियर टोमोग्राफी करीत असू. क्ष-किरणांची नळी एका दिशेने आणि फिल्म विरुद्ध दिशेने सरकत असे. जी पातळी आपल्याला पाहावयाची ती स्पष्ट राही आणि तिच्या पुढच्या-मागच्या सावल्या पुसट होऊन जात. तेथे पुसटपणा हा दोष नव्हता, ते साधन होते. पॅनिंगमध्येही नेमके हेच घडते. काय स्थिर ठेवावयाचे हे आपण ठरवितो. उरलेले सारे वाहू देतो.

कोनीय गतीचे गणित

चित्र किती पुसट होईल हे वस्तूच्या ताशी वेगावर थेट अवलंबून नसते. ती आपल्या दृष्टीसमोरून सेकंदाला किती अंश सरकते, यावर ते ठरते. एक उदाहरण घेऊ. साठ मीटर अंतरावरून ताशी १८० किलोमीटर वेगाने आडवी जाणारी मोटार आपल्यासमोर येते तेव्हा दृष्टीसमोरून सेकंदाला सुमारे ४८ अंश सरकते. सहा मीटर अंतरावरून ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वारही सेकंदाला तितकेच अंश सरकतो. कारण वेग दहापट कमी आणि अंतरही दहापट कमी. कॅमेरा फिरविणाऱ्या शरीराच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही.

यावरून सरावाची जागा आपोआप ठरते. सकाळी सहा-साडेसहाला नेकलेस रोडवर सायकलस्वारांची वर्दळ असते. पदपथावर सुरक्षित जागी उभे राहून त्यांचे पॅनिंग करावे. पहिल्या दिवशी शटर १/१२५ ठेवावे, जमू लागले की १/६०, मग १/३०. सुरुवातीला शंभरांत दोन-तीन चित्रे साधली तरी समाधान मानावे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मचा खर्च नाही, त्यामुळे चुकलेल्या चित्रांचे दुःख नाही. सायकलवरून स्कूटरकडे, स्कूटरवरून टँक बंडवरच्या बसकडे, असे टप्प्याटप्प्याने जावे. महागड्या भिंगांची घाई करू नये. ७० ते ३०० मिलिमीटरचे साधे झूम भिंग या अभ्यासाला पुरेसे आहे.

याच गणिताचा दुसरा निष्कर्ष असा की, समोरून आपल्या दिशेने येणारी गाडी कितीही वेगवान असली तरी दृष्टीसमोरून फारशी सरकत नाही. ती फक्त मोठी होत जाते. तेथे पॅनिंगचा उपयोग नसतो. १/५०० ते १/१००० सेकंद शटर ठेवावे आणि सतत केंद्रीकरण करणारा ऑटोफोकस वापरावा. चाके थोडी वळलेली असताना, म्हणजे वळणाच्या तोंडाशी, हे चित्र अधिक बोलके होते.

डोळा, मान आणि कंबर

सरकत्या वस्तूचा संथपणे पाठलाग करण्याची डोळ्यांची शक्ती सेकंदाला साधारण ३० अंशांपर्यंत चांगली चालते. त्यापुढे डोळा मागे पडतो आणि मधूनमधून उडी मारून वस्तू गाठतो. म्हणून केवळ डोळ्यांनी किंवा मनगटांनी गाडीचा पाठलाग करू पाहणाऱ्याचे चित्र हलते. त्याऐवजी संपूर्ण धड कमरेतून फिरवावे. मान फिरली की डोळे उलट दिशेला वळविणारा व्हेस्टिब्युलो-ऑक्युलर प्रतिक्षेप आपल्याला परिचित आहे. वस्तूबरोबर डोके फिरत असताना मेंदू तो दाबून धरतो. हे दाबून धरणे सरावाने सफाईदार होत असावे, असा माझा अनुभव आहे.

बैठक पुढीलप्रमाणे असावी. ज्या बिंदूवर चित्र घ्यावयाचे त्या दिशेला पावले रोखावीत, आणि गाडी येणार त्या बाजूला कमरेतून वळून तिची वाट पाहावी. म्हणजे चित्र घेतेवेळी शरीर पिळलेले नसते. कोपरे बरगड्यांना टेकलेली असावीत. डावा तळवा भिंगाखाली असावा. गाडी दूर असतानाच तिला चौकटीत घ्यावे, तिच्याबरोबर फिरू लागावे, अर्धा श्वास सोडून हलकेच बटण दाबावे आणि दाबल्यानंतरही फिरणे चालू ठेवावे. फटका मारल्यावर फलंदाजाची बॅट जशी पुढे जातच राहते, तसेच हे आहे. पेट्रोलच्या गाड्या दुरून गर्जना करीत येतात, म्हणून शरीर आधीच सावध होते. विद्युत मोटारींची चाहूल उशिरा लागते; तेथे कानांपेक्षा मागील वळणावर ठेवलेली नजर अधिक उपयोगी पडते.

गाडीचा पुढचा आणि मागचा भाग दृष्टीसमोरून अगदी एकाच गतीने सरकत नाहीत, त्यामुळे संथ शटरवर संपूर्ण गाडी सुस्पष्ट मिळणे कठीण. अशा वेळी चालकाचे शिरस्त्राण स्पष्ट ठेवावे. माणसाची नजर प्रथम माणसाकडेच जाते.

ऊन आणि जाळी

प्रेक्षकांच्या जागेवरून छायाचित्रण करणाऱ्यापुढे दोन अडचणी येतात, आणि त्या परस्परविरोधी आहेत. पहिली अडचण सुरक्षा जाळीची. भिंग जाळीच्या शक्य तितके जवळ ठेवून छिद्र मोठे, म्हणजे एफ ५.६ किंवा एफ ८ च्या आसपास ठेवले आणि गाडी दूर असली, तर जाळीच्या तारा इतक्या पुसट होतात की चित्रात जवळजवळ दिसतच नाहीत. दुसरी अडचण हैदराबादच्या दुपारची. आयएसओ १०० ठेवून भर उन्हात १/६० सेकंद शटर ठेवावयाचे, तर छिद्र एफ २० इतके बारीक करावे लागते, आणि मग हीच जाळी चित्रात पुन्हा प्रकट होते.

यावर उपाय म्हणजे प्रकाश आठपटीने कमी करणारे करडे फिल्टर. त्याला एनडी ८ म्हणतात. ते भिंगावर लावले की छिद्र एफ ७ पर्यंत उघडता येते. जाळीही जाते आणि शटरही संथ राहते. कॅमेऱ्याच्या बाबतीत एका सेटिंगचा लाभ दुसऱ्या सेटिंगच्या किमतीवर मिळतो, हे या एका उदाहरणाने पूर्ण समजते. आपण औषधाची मात्रा ठरविताना असाच विचार करतो.

जागा निवडताना सरळ रस्त्यापेक्षा वळण बरे. तेथे गाड्या मंदावतात, एकमेकींजवळ येतात, आणि शर्यतीतील घटना बहुधा तेथेच घडतात. २०२३ च्या हैदराबाद शर्यतीत जग्वार संघाचे सॅम बर्ड आणि मिच इव्हान्स हे दोघे सहकारी अशाच एका तीव्र वळणावर एकमेकांवर आदळले आणि दोघांचीही शर्यत संपली.

कललेल्या चाकाची कथा

या कलेच्या इतिहासातील एक छायाचित्र प्रत्येक नवशिक्याने पाहावे. फ्रान्सच्या झाक आन्री लार्तिग याने विशीच्या आत असताना ग्राँ प्री शर्यतीत ते घेतले. ते अनेक वर्षे १९१२ सालचे मानले जाई, आता ते १९१३ सालचे मानले जाते. त्यात गाडीचे चाक लंबवर्तुळाकार होऊन पुढे कललेले आहे, रस्त्याकडेचे प्रेक्षक मागे कललेले आहेत, आणि गाडीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे. त्या काळच्या कॅमेऱ्यात पडद्यातील एक फट काचेवरून सरकत जाई. चित्राचा एक भाग आधी उमटे, दुसरा नंतर. त्या अवधीत गाडी चौकटीत पुढे सरकली, आणि कॅमेरा फिरत असल्यामुळे प्रेक्षक मागे सरकले. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लार्तिगचे प्रदर्शन भरले आणि जगाचे त्याच्याकडे लक्ष गेले. आज हे चित्र वेगाचे प्रतीक मानले जाते.

गंमत अशी की, आपल्या खिशातील मोबाइलही प्रकाशाची नोंद एकेक ओळ करूनच घेतो. जवळून जाणाऱ्या बसचे छायाचित्र मोबाइलने घ्यावे. तिच्या खिडक्या तिरप्या झालेल्या दिसतील. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा हा परिणाम आजही प्रत्येकाच्या हाती आहे.

उभ्या गाड्यांपासून शिकावे

सकाळी उठणे ज्यांना शक्य नाही त्यांनी उभ्या गाड्यांपासून आरंभ करावा. चौमहल्ला राजवाड्यात निजामांची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट जतन केलेली आहे. सहाव्या निजामांनी, महबूब अली खान यांनी, ती मागविली. ती आली तेव्हा ते हयात नव्हते. बहादूरपुरा येथील सुधा कार म्युझियममध्ये के. सुधाकर यांनी बनविलेल्या नाना आकारांच्या गमतीदार गाड्या आहेत. दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याचे नियम प्रवेशद्वारापाशीच विचारून घ्यावेत.

गाडीचा पत्रा हा एक वक्र आरसा असतो. आपण गाडीचे चित्र घेतो तेव्हा वस्तुतः तिच्यात पडलेल्या आकाशाचे, खांबांचे आणि स्वतःचेही चित्र घेत असतो. म्हणून बटण दाबण्याआधी पत्र्यात काय दिसते ते पाहावे आणि दोन पावले सरकावे. कॅमेरा दिव्यांच्या उंचीवर आणावा. उभ्याने घेतलेल्या चित्रात गाडी खेळण्यासारखी दिसते. पुढची बाजू आणि एक कूस अशा दोन्ही दिसतील असा कोन धरावा. काचेवरील व रंगावरील चकाकी ध्रुवण फिल्टरने कमी होते, परंतु क्रोमसारख्या उघड्या धातूवरील चकाकीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. तेथे आपली जागा बदलणे हाच उपाय.

वेग कोठे शोभतो

आता सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी एक महाविद्यालयीन तरुण नडगीचे हाड मोडून माझ्याकडे आला. मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकल पळवताना मित्र मोबाइलवर चित्रण करीत होता. हाडात सळई बसवली. तिसऱ्या तपासणीच्या वेळी भिंतीवरची माझी छायाचित्रे पाहून त्याने विचारले, “सर, आमच्या ग्रुपचे असे फोटो काढून द्याल का? रात्री, रस्ता मोकळा असतो तेव्हा.” मी नकार दिला. पण त्याच्या डोळ्यांतील ओढ मला समजत होती, कारण ती माझ्यातही आहे. “कुबड्या घेऊन रविवारी सकाळी नेकलेस रोडवर ये,” असे मी सांगितले.

तो आला. घडीच्या खुर्चीवर बसून त्याने कॅमेरा धरला. तीन-चार रविवारांनंतर त्याचा एक मित्र शिरस्त्राण घालून, ताशी चाळीसच्या नेहमीच्या वेगाने समोरून गेला. शटर १/३० होते. चित्र पाहून तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, हा तर आमच्या रीलपेक्षा जोरात पळतो आहे.” मी त्याला गणित करून दाखविले. दहा मीटरवरून चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या पॅनिंगमध्ये १/३० सेकंदात पार्श्वभूमी जितकी पुसट होते, ती तेवढ्याच अंतरावरून एकशेवीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या १/२००० सेकंदाच्या चित्रापेक्षा सुमारे वीसपट अधिक असते. चित्रात वेग यावा म्हणून रस्त्यावर कोणालाही जीव धोक्यात घालावा लागत नाही. तो पुढे कसा वागला याची हमी मी देऊ शकत नाही. पण त्या सकाळी त्याने मला पुन्हा रात्रीच्या छायाचित्रांविषयी विचारले नाही.

खऱ्या वेगाला मी विरोध करीत नाही. त्याला कुंपण असावे, निशाणधारी मार्शल असावेत, आणि डॉक्टर तयार असावेत, इतकेच माझे म्हणणे आहे. फॉर्म्युला वनमध्ये ही शिस्त रुजविण्यात एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. लंडनचे मेंदूशल्यविशारद सिड वॉटकिन्स १९७८ पासून २००४ पर्यंत त्या शर्यतींचे वैद्यकीय प्रमुख होते. पहिल्या फेरीत शर्यतीच्या गाड्यांमागे डॉक्टरांची गाडी धावते, ही प्रथा त्यांच्याच काळात पक्की झाली. दि. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारिनमध्ये रोमॅं ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली, तेव्हा त्या गाडीतील डॉ. इयन रॉबर्ट्स काही क्षणांत तेथे पोहोचले होते आणि चालक जिवंत बाहेर आला. तो सुखरूप असल्याचे कळेपर्यंत दूरचित्रवाणीवर त्या अपघाताचे पुनर्दर्शन दाखविण्यात आले नाही.

हा संयम आपणही पाळावा. अपघात झाल्यास कॅमेरा खाली घ्यावा. चालक स्वतःच्या पायांवर उभा राहिलेला दिसल्यावर तो पुन्हा उचलावा. जखमी माणसाचे त्याच्या संमतीविना छायाचित्र घेऊ नये, हे शिक्षण आपल्याला रुग्णालयात मिळालेलेच आहे. ते मैदानावर विसरण्याचे कारण नाही. तसेच चित्रासाठी कुंपण ओलांडू नये आणि सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतीला कॅमेऱ्याची साथ देऊ नये. चित्रण होणार आहे हे कळले की धाडस वाढते. त्या धाडसाचा शेवट कोठे होतो, हे अपघात विभागात काम केलेल्या कोणासही वेगळे सांगावयास नको.

शेवटी

आपल्या शहरात अशी शर्यत पुन्हा कधी भरो वा न भरो, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे आणि कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवेवर शर्यतीचे मार्ग आहेत. रात्रीच्या गाडीने चेन्नई गाठता येते. पण त्याआधी नेकलेस रोडवरचे सायकलस्वार आहेत, आणि ते कोणतेही प्रवेशशुल्क घेत नाहीत. ज्या सभासदांना हा अभ्यास करून पाहावयाचा असेल त्यांनी जरूर कळवावे. एखाद्या रविवारी सकाळी सहा वाजता आपण एकत्र जाऊ. कॅमेरा कोणताही चालेल. पाठीचे दुखणे असेल त्यांनी मात्र कमरेतून वळण्याआधी माझा सल्ला घ्यावा. आपल्या संस्थेच्या सभासदांना त्याचे शुल्क नाही.